दोन हंगामांचा दाखला

बॉयलरला सर्टिफिकेट मिळतं एका वर्षाचं, आणि बॉयलर चालवणाऱ्याला जन्माचं. हे उलटं पाहिजे, असं नाना म्हणायचे. लोखंड वर्षभरात असं कितीसं बदलतं? माणूस मात्र एका हंगामात काहीच्या बाही होऊन जातो. तेव्हा मला त्यांच्या बोलण्याची गंमत वाटायची. यंदा आमच्या कापसाच्या जिनात तेलाचं इंजिन आलं, बॉयलर भंगारात गेला आणि भिंतीवरची माझी फ्रेम काढून मी घरी आणली. ती मांडीवर घेऊन बसलो की मला नानांची इतकी आठवण येते की जेवण गोड लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच चिडणार आहे आणि लोकांना वाटेल की हा नुसताच तापट माणूस आहे. तापट तर मी आहेच.

मी मूळचा धुळ्याचा. मराठी सातवी पास झालो आणि पारोळ्याच्या एका जिनात कपाशीच्या काट्यावर लागलो. गाडी आली की वजन घ्यायचं आणि चिठ्ठी लिहायची, एवढंच काम. पण माझं लक्ष सगळं पलीकडच्या कौलारू खोलीकडे. तिथे बॉयलर होता. दोन नळ्यांचा, आडवा, पोटात आग आणि पाठीवर वाफ. आत एक काळासावळा, काटकुळा माणूस उघड्या अंगाने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि लाकडं सारत असायचा. तेच नाना. जवळच्याच खेड्यातले, घरी कोरडवाहू शेती भावांकडे दिलेली, आणि स्वतः जीन उभं राहिलं त्या वर्षापासून बॉयलरवर. लिहिता-वाचता येत नव्हतं. वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळावरचे आकडे त्यांना कळत नसत, पण लाल रेघ कळायची, आणि ती पाहायची वेळ ते कधी येऊ देत नसत.

मी काट्यावरून पळून पळून तिकडे जायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला हाकललं. दुसऱ्या दिवशी फावडं हातात दिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "इतला वखत बठना आठे, काय देखं?" मी म्हटलं, आग बघितली. ते म्हणाले, "आगच देखी? पहिले पानी देख. मंग आग देख. आग आंधळाले भी दिसस."

बॉयलरच्या तोंडाशी काचेची उभी नळी असते. आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. पाणी खाली गेलं, नळ्या उघड्या पडल्या, लोखंड लाल झालं, की संपलं. पण काचेवरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही. आमच्याकडच्या पाण्यात चुना फार. काचेची वाट चुन्याने बुजते, आणि आत खडखडाट असला तरी काचेत पाणी उभंच दिसतं. म्हणून कामावर आलं की आधी काचेखालचा तोटीसारखा कॉक उघडायचा, पाणी सोडून द्यायचं, कॉक बंद करायचा आणि पाणी परत किती झपाट्याने चढतं ते बघायचं. रमतगमत चढलं तर समजायचं की वाट बुजतेय. नाना हे दिवसातून दहा वेळा करायचे. कोणी न सांगता, कोणी बघत नसताना. मला सहा महिन्यांत त्यांनी जे शिकवलं ते सगळं या एका गोष्टीच्या आजूबाजूचं होतं.

आता सर्टिफिकेटची भानगड सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. कायदा असा की सर्टिफिकेट असलेल्या माणसाच्या ताब्यातच बॉयलर चालला पाहिजे. ते सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये घालून बॉयलरखोलीत टांगायचं. आमच्याकडेही टांगलेलं होतं, पण ते नानांचं नव्हतं. ते होतं जळगावच्या एका मिस्त्रीचं. हे मिस्त्री पगाराच्या दिवशी यायचे आणि सरकारचा बॉयलर-इन्स्पेक्टर यायचा त्या दिवशी यायचे. स्वच्छ धोतर, काळी टोपी, तोंडात विडा. इन्स्पेक्टर आला की मिस्त्री बॉयलरशेजारी उभे राहायचे आणि नाना बाहेर पऱ्हाट्यांच्या गंजीआड बसायचे. साहेब गेला की मिस्त्री पण जायचे. फ्रेम तेवढी राहायची. नाना रोज आल्यावर बॉयलरला हात जोडायचे आणि मग त्या फ्रेमवरची धूळ पुसायचे. दुसऱ्याच्या नावाची फ्रेम, पण धूळ यांनी पुसायची! मला भयंकर राग यायचा. ते म्हणायचे, "अरे, कागद टांगेल शे म्हनीसन बॉयलर चालू शे ना. मंग पुसाले नको का?"

मिस्त्री थकले तेव्हा मालकांनी घरचाच कोणीतरी सर्टिफिकेटवाला करायचं ठरवलं. आधी त्यांनी नानांनाच विचारलं, हे मालकांच्या बाजूने सांगायला हवं. नाना हसले. "माले कागद कसाले? बॉयलर माले वळखस." झालं. मग मालकांनी माझ्याकडे बघितलं, कारण मला अर्ज भरता येत होता.

अर्जात एक रकाना असतो. किती काळ काम केलं, आणि कोणाच्या हाताखाली. हाताखाली म्हणजे सर्टिफिकेटवाल्याच्या हाताखाली. बाकी कोणाच्या हाताखाली जन्म घालवलात तरी तो धरत नाहीत. किमान दोन हंगाम लागतात. मी लिहिलं, दोन हंगाम, अमुक मिस्त्रींच्या हाताखाली. त्या मिस्त्रींनी मला काय शिकवलं होतं म्हणाल तर विड्याला चुना किती लावावा. पण सही त्यांची, म्हणून शिक्षण त्यांचं. मी धुळ्याला जाऊन तोंडी परीक्षा दिली. साहेबाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी नानांच्या आवाजात ऐकत होतो आणि स्वतःच्या मराठीत देत होतो. पास झालो. जन्माचं सर्टिफिकेट! मिस्त्रींची फ्रेम उतरली, माझी चढली.

आमच्याकडे एक रीत होती. हंगामाची पहिली आग काडी ओढून लावायची नाही. बॉयलर ज्याच्या ताब्यात, त्याच्या घरच्या चुलीतला विस्तव आणायचा. नानांच्या घरून अक्का, म्हणजे त्यांची बायको, खापरात निखारे घेऊन चालत यायच्या, वर राख पसरलेली, पदराचा आडोसा केलेला. मिस्त्रींची फ्रेम होती तेव्हाही विस्तव नानांच्याच घरचा यायचा. मिस्त्रींना ते ठाऊकच नव्हतं. माझी फ्रेम लागली त्या हंगामाला नाना म्हणाले, "आते तुना घरना इस्तो आन."

मी तेव्हा एकटा राहायचो आणि स्टोव्हवर भात टाकायचो. स्टोव्हचा कसला विस्तव न्यायचा! मी म्हटलं, नाना, थट्टा पुरे, अक्कांना सांगा. ते ऐकेनात. ताबा तुझा तर विस्तव तुझा. शेवटी मीच पहाटे त्यांच्या खेड्यात गेलो. अक्कांनी खापर भरून दिलं आणि म्हणाल्या, "ले भाऊ, हाई तुनंच घर शे." ते खापर घेऊन मी शेतांमधून चालत आलो. हात भाजत होते. मला तेव्हा वाटलं होतं की आपण फार मोठी गोष्ट केली. आज वाटतं, मी त्यांच्या घरातून विस्तव उचलून आणला आणि त्यांना रिकाम्या हाताने कामावर यायला लावलं. दोन्ही खरं असेल, काय माहीत.

नाना मला कामावर "साहेब" म्हणू लागले. सुरुवातीला चिडवायला, मग सवयीने. "साहेब, पानी देखं का?" मी ओशाळायचो. पण काम तेच करत होते, मी शेजारी उभा राहून शिकतच होतो. असे दिवस चांगले चालले होते आणि ते तसेच चालले असते, तर आज मी हे लिहायला बसलो नसतो.

मग दोनच महिन्यांत नवा इन्स्पेक्टर आला आणि कायदा कडक झाला. बॉयलर पेटलेला असेल तितका वेळ, मग एक पाळी असो की दोन, सर्टिफिकेटवालाच समोर पाहिजे. आणि बिनसर्टिफिकेटच्या माणसाने त्याला विचारल्याशिवाय पाण्याच्या कॉकला नि पंपाला हातसुद्धा लावायचा नाही. मालकांनी मला बोलावून सांगितलं, की दोन हंगामांत नानांनी कागद मिळवला तर दुसरी पाळी त्यांची. नाहीतर त्यांना बाहेर, पऱ्हाट्यांच्या गंजीवर. बॉयलरखोलीत पाय ठेवायचा नाही.

मी नानांना समजावलं. खूप समजावलं. ते आधी हसले. बॉयलरपासून दूर राहायचं ही कल्पनाच त्यांना कळत नव्हती. शेवटी म्हणाले, "काय करनं पडी?" मी सांगितलं. अर्ज करायचा, तोंडी परीक्षा द्यायची. ते म्हणाले, तोंडी ना? मग कसली भीती. मी म्हटलं, एक गोष्ट आहे नाना. कोणाच्या हाताखाली काम केलं ते लिहावं लागतं.

"कोना हातखाले?"

"माझ्या."

मी मान खाली घालून सांगत गेलो की तुम्ही आजवर केलेलं काम धरता येत नाही, कारण तुमच्यावर सर्टिफिकेटवाला हजरच नव्हता. आणि तो हजर नव्हता असं लिहिलं तर मिस्त्री अडकतात, मालक अडकतात, आणि त्याच मिस्त्रींच्या सहीवर पास झालेला मी पण अडकतो. म्हणून आजपासून मोजायचं. दोन हंगाम माझ्या हाताखाली. ज्याने मला फावडं धरायला शिकवलं त्याला मी हे सांगत होतो, आणि माझी जीभ झडली नाही!

नाना म्हणाले, "बरं. दोन हंगाम ते दोन हंगाम."

आणि ते दोन हंगाम त्यांनी असे काढले की बघणाऱ्याने थक्क व्हावं. मी आलो की उठून उभे राहायचे. कॉकला हात लावायच्या आधी मला विचारायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, अहो नाना, आता कोण बघतंय? तर म्हणाले, "दाखलावर लिखशी ना हातखाले शे म्हनीसन? मंग खोटं कसाले लिखशी?" बघा म्हणजे! मी कागदापुरतं म्हणत होतो आणि त्यांनी कागद खरा करायला घेतला. दोन हंगाम ते खरोखर माझ्या हाताखाली राबले. संध्याकाळी भोंगा झाला की मात्र आम्ही बाहेर ओट्यावर बसायचो आणि तिथे ते पुन्हा नाना व्हायचे. मी पुस्तकातले प्रश्न वाचायचो, ते उत्तरं द्यायचे, आणि पुस्तकातलं उत्तर कुठे कच्चं आहे ते पण सांगायचे. ते ओट्यावरचे तास कोणी मला परत दिले तर बाकी सगळं आयुष्य मी हसत सोडून देईन.

दुसरा हंगाम चैत्रात संपला. मी अर्ज भरला. नाव, गाव, वय अंदाजे. काम: दोन हंगाम. हाताखाली: माझं नाव. खाली माझी सही आणि नानांचा अंगठा. अंगठा लावताना त्यांनी विचारलं, "कितला लिखं?" मी म्हटलं, दोन हंगाम. त्यांनी शाईचा अंगठा कागदावर दाबून धरला, सोडायला जरा वेळ लावला.

परीक्षा धुळ्याला, कापसाच्या गाठी बांधायच्या एका प्रेसच्या बॉयलरखोलीत. आम्ही पारोळ्याहून सर्व्हिस मोटारने निघालो. ऊन असं की पत्रा हाताला चटका देत होता. नानांनी धुतलेला सदरा घातला होता, वर पिवळा फेटा. मी रस्ताभर घोकंपट्टी चालवली होती.

"नाना, साहेबाने विचारलं किती दिवस काम केलं?"

"दोन हंगाम."

"कोणाच्या हाताखाली?"

"तुना."

"माझं नाव घ्यायचं, नाना."

त्यांनी नाव घेतलं. मी तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा बरोबर सांगितलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आते चूप बठ, साहेब. मी काय पाळनामा शे का?" मोटारीतली माणसं हसली, मीही हसलो.

साहेब पुण्याकडचा होता. तरुण, चष्मा, स्वभावाने सरळ. त्याला आमची अहिराणी कळेना, म्हणून नाना बोलतील ते मराठीत सांगायला त्याने मलाच आत उभं केलं. मला बरंच वाटलं. म्हटलं, काही चुकलंच तर आपण सांभाळून घेऊ.

त्याने विचारलं, कामावर आल्यावर पहिलं काय करता? नानांनी बोलून नाही दाखवलं. सरळ तिथल्या बॉयलरकडे गेले, कॉक उघडला, पाणी सोडलं, बंद केला, काचेकडे बघितलं. मग वळून म्हणाले, "साहेब, हाई काच अर्धी बुजेल शे. पानी हळू चढस." तिथला प्रेसचा माणूस गोरामोरा झाला. साहेबाने स्वतः येऊन करून बघितलं. खरंच बुजत आली होती. त्याने नानांकडे चष्म्यावरून बघितलं आणि मी मनातल्या मनात उडीच मारली.

मग विचारलं, काचेत पाणी दिसेनासं झालं तर?

"आग भाईर ओढसू. पानी सोडाऊ नही. लाल लोखंडवर थंडं पानी पडनं ते बठ्ठा फुटी जाई." मी मराठीत सांगितलं.

असे दहा-बारा प्रश्न झाले. एकही चुकला नाही. साहेब खुर्चीवर बसला, पेनाचं टोपण काढलं, अर्ज पुढे ओढला. आता फक्त सही. अर्ज चाळताना त्याने सहज, अगदी सहज, कौतुकाने विचारलं, "किती काळ झाला हो तुम्हाला बॉयलरवर?"

नाना म्हणाले, "बावीस वरीस."

बाकी सगळं मी मराठीत करून सांगत होतो. पण बावीसचं मी काय करणार? बावीस अहिराणीतही बावीस आणि पुण्यातही बावीस.

साहेबाने अर्जावर बोट ठेवलं. "इथे दोन हंगाम आहे." मी घाईघाईने मध्ये पडलो. म्हटलं, साहेब, जिनात बावीस वर्षं, पण बॉयलरवर दोनच हंगाम. इतर कामं करायचे आधी. माझ्या तोंडून हे पटकन निघालं, अडखळलोसुद्धा नाही. आणि नाना माझ्याकडे वळले. रागाने नव्हे. एखादं लहान पोर चुकीचं बोलल्यावर बघावं तसं बघितलं आणि साहेबाला म्हणाले, "नही साहेब. बॉयलरवरच. बावीस."

साहेबाने पेन खाली ठेवलं. मग त्याने हळू विचारलं, "मग त्याआधीची वीस वर्षं तो बॉयलर ताब्यात कोणाच्या होता?"

नानांना प्रश्न कळला. त्यात कोण कोण अडकतंय तेही कळलं. मी बघत होतो ना. ते मिस्त्रींचं नाव घेऊ शकत होते, पण तेही खोटंच झालं असतं. ताबा माझाच होता, असं म्हणाले असते तर माझी फ्रेम त्याच दिवशी उतरली असती. त्यांनी फेट्याचं टोक नीट केलं आणि म्हणाले,

"ताबा मना व्हता असं मी म्हनत नही, साहेब. मी फक्त तठे व्हतू."

हे मला मराठीत सांगावं लागलं. माझं काम होतं ते. मी म्हटलं, ताबा माझा होता असं मी म्हणत नाही. मी फक्त तिथे होतो.

साहेब चांगला माणूस होता, हे मी आजही म्हणतो. त्याने चौकशी लावली नाही. अर्ज फेटाळलाही नाही. घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाला, "तोंडी परीक्षेत यांच्यासारखा मी पाहिला नाही. पण अर्जातलं आणि तोंडातलं जुळत नसेल तर मी सही कशावर करू?" मग उठून त्याने नानांना नमस्कार केला. नानांनी उलट केला, आणि जाता जाता प्रेसच्या माणसाला सांगितलं की ती काच आजच साफ कर.

परतीच्या मोटारीत मी काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. अहो, तीन-तीन वेळा पाठ करून घेतलं होतं तुमच्याकडून! एक शब्द! दोन म्हणायला काय झालं होतं? दोन हंगाम उठून उभे राहिलात माझ्यासमोर, साहेब साहेब केलंत, तेव्हा नाही वाटलं काही? सगळं पाण्यात घातलंत नाना, सगळं! लोक मागे वळून बघत होते. नाना खिडकीबाहेर बघत होते. माझा घसा बसला तेव्हा म्हणाले,

"तुले साहेब म्हंताना माले लाज वाटनी नही. तू मना पोऱ्यासारखा शे. पन बावीस वरीसना दोन करना माले जमनं नही. जीभच वळनी नही रे."

तेव्हा हात धरायचा होता त्यांचा, तेवढंसुद्धा केलं नाही. रागात होतो ना मी! मोठा शहाणा.

पुढच्या हंगामाला नाना गंजीवर गेले. बॉयलरखोलीच्या भिंतीपलीकडे पऱ्हाट्या रचायच्या. दुसरी पाळी बोदवडकडच्या एका पोरसवदा माणसाने धरली. त्याच्याकडे कागद होता आणि काम त्याला बऱ्यापैकी यायचं. त्या वर्षी पहिल्या आगीसाठी विस्तव कोणाच्या घरून आणायचा हे कोणी विचारलंच नाही. त्याने काडी ओढली.

नाना आत कधी आले नाहीत. उंबऱ्यापर्यंत लाकूड आणायचे, तिथेच टाकायचे, आणि वळायचे. पण एकदा दुपारी फीडपंप पाणी ओढेनासा झाला होता आणि मी मालकांशी बोलत उभा होतो. भिंतीपलीकडून हाक आली, "साहेब! पानी देख!" त्यांनी पंपाचा आवाज ऐकला होता. मी धावत गेलो. काचेत बोटभर पाणी उरलं होतं. त्या हाकेसाठी माझे कान अजून आसुसलेले असतात. पुढे बरीच वर्षं कॉक उघडून पाणी चढायची वाट बघताना मी नकळत भिंतीकडे कान द्यायचो. नाना तोवर थकून घरी बसले होते.

तर यंदा फ्रेम उतरवली. मागचा पुठ्ठा सुटला आणि सर्टिफिकेटच्या पाठीशी घडी घातलेला तो अर्ज निघाला. मीच ठेवला होता तिथे, त्या दिवशी धुळ्याहून आल्यावर. मी तसाच उठलो आणि नानांच्या खेड्यात गेलो.

नाना बाजेवर होते. डोळे गेलेले. अक्का आता नाहीत. सुनेने पाणी दिलं. माझा आवाज ऐकून ते उठून बसायला लागले. मी म्हटलं, उठू नका, नाना. म्हणाले, "कसं नही उठाऊ, साहेब उना ना!" अजून खट्याळपणा गेला नव्हता. मी सांगितलं, बॉयलर गेला. त्यांनी विचारलं, गेला तेव्हा आतून साफ होता ना? मी म्हटलं, होता. मी स्वतः खरवडला होता.

मग अर्जाचं सांगितलं. ते म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागलो. नाव. गाव. वय अंदाजे. काम... आणि तिथे मी थांबलो. त्यांना दिसत नव्हतं, आणि दिसत असतं तरी वाचता येत नव्हतं. मी वाचलं, "बॉयलरवर, बावीस वर्षं."

नाना हसले. दात उरले नव्हते, तरी तेच हसू. "खोटं वाची ऱ्हायना. तठे दोन लिखेल शे. मी सोता अंगठा लावेल शे."

चूक माझी होती नाना, एवढंच म्हणालो. त्यांनी हात पुढे करून कागद चाचपला, आपला अंगठा कुठे असेल तिथे खाली बोट फिरवलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"आखो एकदाव वाच," ते म्हणाले. "आते वाचं ना, तसंच वाच."

मी पुन्हा वाचलं. नाव. गाव. बॉयलरवर, बावीस वर्षं. पुढचा रकाना होता, कोणाच्या हाताखाली. तिथे माझं नाव आहे, माझ्याच अक्षरात. मी वाचलं, "कोणाच्याच नाही."

नानांनी मान हलवली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला.